गालावरच्या जखमेचे मूळ दातात

हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला एक लालसर पुळी येते. काही दिवसांनी ती फुटते, थोडा पू येतो, वर खपली धरते. घरातले म्हणतात, केसतोडा आहे, बसेल. आठ-पंधरा दिवसांनी खपली निघते आणि पुन्हा पू येतो. मग मलम लावले जाते, मेडिकलवरून गोळ्या आणल्या जातात, हळदीचा लेप होतो. थोडे बरे वाटते आणि महिनाभरात पुळी पुन्हा त्याच जागी उभी राहते. असे सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालते. या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र कुणीच केलेली नसते. रुग्णाला तोंड उघडायला सांगून त्याचे दात कुणी पाहिलेले नसतात.

चेहऱ्यावरच्या अशा हट्टी जखमांपैकी काहींचे मूळ त्वचेत नसतेच. ते असते दाताच्या मुळाशी, जबड्याच्या हाडात साचलेल्या पूमध्ये. तो पू हाड पोखरत, स्नायूंमधून वाट काढत थेट गालाच्या किंवा हनुवटीच्या कातडीतून बाहेर पडतो. डॉक्टर अशा वाटेला ‘सायनस ट्रॅक्ट’ म्हणतात. जुन्या मराठीत तिला नासूर म्हणत, आयुर्वेदात नाडीव्रण. हा आजार फार सर्रास दिसणारा नाही, पण दुर्मीळही नाही. भारतातल्या दंतवैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी वारंवार येतात आणि बहुतेक नोंदींतली कहाणी सारखीच असते. रुग्ण आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे किंवा सर्जनकडे गेला, गोळ्या झाल्या, एक-दोनदा चिराही दिला गेला, जखम परत आली आणि शेवटी कुणीतरी दाताचा एक्स-रे काढला.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही कहाणी आणखी लांबते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. बहुतेक लोकांची गुजराण शेतीवर आणि शेतमजुरीवर आहे. हळद शिजवण्या-वाळवण्याच्या दिवसांत किंवा सोयाबीन काढणीच्या वेळी न दुखणाऱ्या पुळीसाठी कामाचा दिवस मोडून तालुक्याला जाणे कुणालाच परवडत नाही. त्यातून दात दुखत नसेल तर दाताच्या डॉक्टरकडे जावे, हे सुचणार तरी कसे?

दाताच्या आत काय घडते

दात वरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. सर्वात बाहेर एनॅमलचे कठीण कवच, त्याखाली दंतिनाचा थर आणि मधोमध पोकळीत मऊ गर, ज्याला पल्प म्हणतात. या गरात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोली भाषेत आपण ज्याला ‘दाताची नस’ म्हणतो ती हीच. दाताच्या मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून ती जबड्याच्या हाडाशी जोडलेली असते.

तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल एनॅमलमधली खनिजे विरघळवते. ‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा तिथे कुठली अळी नसते, हे आम्लाचे काम असते. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने ही गोष्ट १८९० च्या सुमारास प्रयोगांनी मांडली. कीड दंतिन ओलांडून गरापर्यंत पोहोचली की जंतू आत शिरतात. गराला सूज येते. पण सूज पसरायला तिथे जागाच नसते, कारण चहूबाजूंनी कठीण भिंती असतात. म्हणून तेव्हाचे ठणके असह्य असतात. रात्री झोप लागत नाही, गार-गरम लागते, कानापर्यंत कळा जातात.

आणि मग एके दिवशी दुखणे अचानक थांबते. रुग्ण सुटकेचा श्वास सोडतो. प्रत्यक्षात दात बरा झालेला नसतो, दाताची नस मेलेली असते. कळ पोहोचवणारे तंतूच उरलेले नसल्याने दुखणे थांबते. मेलेला गर मात्र जंतूंचे घर बनतो. तिथे रक्तपुरवठा नसल्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशी आत पोहोचत नाहीत आणि औषधही पोहोचत नाही. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साचू लागतो.

पूची वाट कोण ठरवते?

साचलेला पू कमीत कमी अडथळ्याची वाट शोधतो. बहुतेक वेळा तो हाडाचा पातळ पापुद्रा फोडून तोंडातच, हिरडीवर बाहेर येतो. हिरडीवरची ती छोटी पुळी अनेकांनी पाहिलेली असते. पण पू हाडाबाहेर आल्यावर तोंडात उतरेल की कातडीकडे जाईल, हे दाताच्या मुळाची लांबी आणि तिथल्या स्नायूंची जागा यांवर ठरते.

गालाचा मुख्य स्नायू वरच्या आणि खालच्या जबड्याला बाहेरच्या बाजूने चिकटलेला असतो. खालच्या दाढेचे मूळ लांब असेल आणि पू त्या स्नायूच्या जोडणीच्या खालून बाहेर पडला, तर तोंडाचा रस्ता बंद होतो आणि पू गालाच्या किंवा जबड्याच्या कडेच्या कातडीकडे सरकतो. खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत हनुवटीचा स्नायू हेच काम करतो. त्यामुळे या दातांचा पू हनुवटीच्या मधोमध किंवा तिच्या खाली फुटतो. खालच्या मागच्या दाढांचा पू जिभेच्या बाजूने निघाला तर तो जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या भागात उतरू शकतो. वरच्या सुळ्याचा पू नाकाच्या बाजूला किंवा डोळ्याच्या खाली दिसू शकतो.

वैद्यकीय नोंदी पाहिल्या तर अशा जखमांपैकी दर पाचांतल्या साधारण चार खालच्या जबड्यातल्या दातांमुळे होतात. म्हणूनच हनुवटी, जबड्याची कड आणि गालाचा खालचा भाग या त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत. या जागी महिनाभर न भरणारी पुळी दिसली, तर दाताचा विचार आधी व्हायला हवा.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

या आजारात फसगत होण्याचे मोठे कारण म्हणजे दात दुखत नाही. नस मेलेली असते आणि पूला बाहेर पडायला वाट मिळालेली असल्याने आत दाब साठत नाही. दाबच नाही तर ठणकाही नाही. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना कधी दात दुखल्याचे आठवतसुद्धा नाही. काहींना आठवते, पण ते वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे असते आणि ते ‘आपोआप बरे झाले’ असा त्यांचा समज असतो. गालावरच्या पुळीचा त्याच्याशी संबंध जोडावा असे त्यांना वाटत नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर ते सांगतही नाहीत.

दुसरी फसगत न किडलेल्या दाताची. दाताला कीड नसतानाही नस मरू शकते. मोटारसायकलवरून पडताना हनुवटी आपटलेली असते, कबड्डीत कोपर लागलेले असते, क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसलेला असतो, बैलाने मान झटकलेली असते. दात हलत नाही, पडत नाही, म्हणून सगळे विसरून जातात. पण त्या धक्क्याने मुळाच्या टोकाशी रक्तवाहिनी तुटलेली असते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी त्या दाताच्या मुळाशी पू होतो आणि हनुवटीवर जखम उघडते. अशा दाताचा रंग पुष्कळदा शेजारच्या दातांपेक्षा थोडा काळपट किंवा करडा झालेला असतो. आरशात नीट पाहिले तर तो ओळखू येतो.

गोंधळ कशाकशाशी होतो

चेहऱ्यावरची न भरणारी जखम पाहून डॉक्टरांच्या मनात अनेक शक्यता येतात आणि त्या यायलाच हव्यात. साधा केसतोडा असू शकतो, कातडीखालची गाठ पिकलेली असू शकते. मान आणि जबड्याखालच्या गाठींमधला क्षयरोग कातडी फोडून बाहेर येऊ शकतो आणि आपल्याकडे क्षयरोगाचा विचार टाळून चालत नाही. ॲक्टिनोमायकोसिस नावाच्या एका चिवट जंतुसंसर्गात जबड्याजवळ कठीण सूज येते, अनेक तोंडे पडतात आणि पूमध्ये पिवळसर कण दिसतात. लाळेच्या ग्रंथीचा आजार, हाडाचा जुनाट संसर्ग, एखादी काडी किंवा काच आत राहिलेली असणे, याही शक्यता असतात. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे त्वचेचा किंवा तोंडाचा कर्करोग. तंबाखू, गुटखा, मिश्रीचा वापर असलेल्या घरांत ही शक्यता हलक्यात घेता येत नाही.

म्हणजे प्रत्येक पुळी दाताचीच असते असे नाही. पण दाताची शक्यता तपासायला सर्वात कमी खर्च आणि सर्वात कमी वेळ लागतो आणि नेमकी तीच तपासणी पुष्कळदा सर्वात शेवटी होते. तोवर जखम कापून काढली जाते आणि पुन्हा उघडते. कातडीचा तुकडा तपासणीला जातो, अहवालात फक्त ‘जुनाट सूज’ येते. काही रुग्णांना विनाकारण महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात. प्रत्येक छेदाबरोबर चेहऱ्यावरचा व्रण वाढतो. लग्नाच्या वयातल्या मुलीच्या गालावर असा व्रण राहिला तर घराला त्याची किती काळजी लागते, हे वेगळे सांगायला नको. दातावर वेळेत उपचार झाले असते तर चाकूची गरजच पडली नसती.

हळद, शेक आणि गोळ्या

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिंगोली जिल्ह्यात हळद ही केवळ पीक नाही, घरातले पहिले औषधही आहे. खरचटले, कापले की हात हळदीच्या डब्याकडे जातो. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये सूज आणि जंतूंना विरोध करणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण गालावर लावलेला लेप कातडीवरच राहतो. जंतूंचे ठाणे असते कातडी, स्नायू आणि हाड यांच्या पलीकडे, दाताच्या पोकळीत. तिथपर्यंत कुठलाही लेप पोहोचत नाही. वाहत्या जखमेवर जाड लेप बसवला तर तोंड तात्पुरते बुजते आणि आत पू साठून सूज वाढू शकते.

बाहेरून गरम शेक देणे हाही घरोघरचा उपाय. दाताच्या गळवाला बाहेरून गरम शेक देऊ नये, असे दंतवैद्य विद्यार्थ्यांना पूर्वीपासून शिकवत आले आहेत, कारण त्याने पू कातडीच्या बाजूला ओढला जाऊन बाहेर फुटण्याची भीती असते. कोमट मिठाच्या पाण्याने तोंडातून गुळण्या करणे हा त्यापेक्षा सुरक्षित उपाय. मिश्री लावल्याने दाताला बधिरपणा येतो आणि दुखणे कमी झाल्यासारखे वाटते. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दुखणे लपवते, कीड थांबवत नाही आणि कर्करोगाचा धोका वाढवते.

राहिल्या प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या. त्या घेतल्यावर पू कमी होतो, जखम सुकल्यासारखी दिसते. गोळ्या थांबल्या की पुन्हा सुरू. कारण गोळीचे औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. आजूबाजूचे जंतू मरतात, मूळ ठाणे शाबूत राहते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटले आहे की, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांत दाताच्या गराच्या आणि मुळाच्या बहुतेक आजारांत प्रत्यक्ष दातावर उपचार उपलब्ध असतील तर प्रतिजैविके देऊ नयेत. ताप असेल, सूज पसरत असेल तर गोष्ट वेगळी. पण एकाच पुळीसाठी चौथ्यांदा, पाचव्यांदा गोळ्यांचा कोर्स करण्याने आजार जात नाही, फक्त जंतू औषधाला सरावतात.

उंदरांनी दिलेला पुरावा

दाताच्या मुळाशी पू होतो तो नस उघडी पडल्यामुळे की जंतूंमुळे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वादाचा होता. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी एक साधा आणि निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक गट नेहमीसारखा वाढलेला, दुसरा जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेला. दोन्ही गटांतल्या उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून आतली नस उघडी केली आणि तशीच ठेवली. नेहमीच्या उंदरांत नस मेली आणि मुळाशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या दातांत मात्र अन्नाचे कण अडकूनही नस जिवंत राहिली आणि छिद्रावर दंतिनाचा नवा पूल तयार झाला.

या प्रयोगातून दोन गोष्टी ठरल्या. मूळ दोष जंतूंचा आहे, आणि जंतू काढून टाकले तर शरीर उरलेले काम स्वतः करते. आजची रूट कॅनाल उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. गालावरची जखम न कापताही का भरते, याचे उत्तरही इथेच आहे.

सुश्रुतांची ‘नाडी’ आणि वरच्या दाताची भीती

हे दुखणे भारतीय वैद्यकाला नवे नाही. सुश्रुतसंहितेत दाताच्या मुळाच्या रोगांमध्ये पाच प्रकारच्या ‘नाडी’ सांगितल्या आहेत. नाडी म्हणजे नळीसारखी पू वाहून नेणारी वाट. चिकित्सेच्या भागात स्पष्ट सांगितले आहे की ज्या दाताशी नाडी झाली असेल तो दात काढावा, जागा स्वच्छ करावी आणि क्षाराने किंवा अग्नीने ती जाळावी. दुर्लक्ष केले तर ही वाट जबड्याचे हाड फोडते, असा इशाराही तिथे आहे. एक्स-रे, सूक्ष्मदर्शक यांपैकी काहीही नसताना जखमेचा संबंध थेट दाताशी जोडणारे हे निरीक्षण आजही अचूक ठरते.

त्याच ठिकाणी एक अपवाद सांगितला आहे. वरचा घट्ट दात मुळापासून काढला तर फार रक्त जाऊन घोर विकार होतात, डोळा जातो, तोंड वाकडे होते, म्हणून वरचा दात काढू नये. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती मराठवाड्यातल्या गावागावांत आजही ऐकू येते. तिचे मूळ किती जुने असावे याची यावरून कल्पना येते. त्या काळी रक्तस्राव थांबवण्याची साधने मर्यादित होती, त्यामुळे सावधगिरी समजण्यासारखी होती. आज शरीररचना नीट माहीत आहे. दृष्टीचा मज्जातंतू आणि दातांना जाणारे तंतू पूर्ण वेगळे आहेत. योग्य भूल देऊन, योग्य जागी काढलेल्या वरच्या दातामुळे नजर जात नाही. उलट वरच्या दाताचा पू तसाच ठेवला आणि संसर्ग डोळ्याभोवती पसरला, तर नजरेला खरा धोका होतो.

निदान कसे होते

दाताचा संशय आला की निदान अवघड नसते. डॉक्टर हातमोजा घालून एक बोट तोंडात आणि एक बाहेर ठेवून चाचपतात. पुष्कळदा कातडीवरच्या पुळीपासून जबड्याच्या हाडाकडे जाणारी दोरीसारखी कठीण रेघ हाताला लागते. पुळीच्या जागी कातडी आत ओढली गेलेली, खळीसारखी दिसते. मग त्या भागातले दात ठोकून, थंड स्पर्श देऊन किंवा विजेच्या सौम्य प्रवाहाने तपासले जातात. ज्या दाताला काहीच जाणवत नाही, तो संशयित.

त्यानंतर एक्स-रे. जर्मनीत विल्हेल्म रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस जाहीर केला आणि काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे पहिले चित्र काढले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे क्ष-किरणांपुढे स्थिर राहावे लागले होते. आज दाताचा एक्स-रे सेकंदाच्या अंशात निघतो. मुळाच्या टोकाशी काळसर गोल डाग दिसला की हाड विरघळल्याचे कळते. शंका राहिली तर जखमेच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे रूट कॅनाल भरायच्या रबरी पदार्थाची, बारीक काडी हळूच आत सरकवतात आणि एक्स-रे काढतात. काडीचे टोक दोषी दाताच्या मुळाशी जाऊन थांबलेले दिसते.

दात निर्दोष निघाले तर तपास थांबवायचा नसतो. मग क्षयरोग, कर्करोग आणि इतर शक्यतांसाठी पुढच्या तपासण्या व्हायलाच हव्यात.

उपचार दातावर, जखमेवर नाही

दात वाचण्याजोगा असेल तर रूट कॅनाल केले जाते. आतला मेलेला गर काढून, मुळांच्या नळ्या औषधी द्रावणाने धुऊन, गरज पडल्यास काही दिवस औषध भरून ठेवून, शेवटी त्या कायमच्या बंद केल्या जातात. दात फारच किडला असेल, मूळ तुटले असेल, तर तो काढावा लागतो. दोन्ही मार्गांनी जंतूंचे ठाणे नाहीसे होते.

त्यानंतर जे घडते ते पाहून रुग्णांना आश्चर्य वाटते. महिनोन्‌महिने वाहणारी गालावरची जखम बहुधा एक ते दोन आठवड्यांत, कुठलाही छेद न देता बंद होते. तिला वेगळे औषध लागत नाही. हाडातली पोकळी भरायला मात्र काही महिने लागतात, म्हणून पुन्हा एक्स-रे काढून खात्री केली जाते. कातडीवर लहानशी खळी किंवा काळसर डाग उरू शकतो. तो काळाबरोबर पुष्कळसा फिका होतो. फारच ठळक राहिला तर पुढे छोटी शस्त्रक्रिया करता येते, पण दात बरा झाल्यावरच. जखम आटोपशीर दिसावी म्हणून आधी कापून टाकली आणि दात तसाच ठेवला, तर ती परत येणारच. दातावरच्या उपचारानंतरही जखम बंद झाली नाही, तर निदान पुन्हा तपासावे लागते.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपायला हवे. रक्तातली साखर वाढलेली असेल तर संसर्ग लवकर पसरतो आणि जखमा उशिरा भरतात. दाताच्या उपचाराबरोबर साखर तपासून आटोक्यात आणणे गरजेचे असते.

जायचे कुठे?

गावातल्या आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्रापासून सुरुवात करता येते. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे रुग्णालय आणि हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय असा सरकारी मार्ग आहे. दाताचा एक्स-रे आणि दात काढणे सरकारी दंत विभागात होऊ शकते. रूट कॅनाल सगळीकडे मिळेलच असे नाही, त्यामुळे आधी चौकशी करून निघावे. परभणी, नांदेड आणि लातूर इथे दंत महाविद्यालये आहेत आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे कमी येतो.

डॉक्टरकडे गेल्यावर रुग्णाने तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. ही जखम किती दिवसांपासून आहे आणि किती वेळा परत आली. त्या बाजूचा कुठला दात पूर्वी दुखून थांबला होता का. तोंडाला कधी मार लागला होता का. या तीन उत्तरांवरून निम्मे निदान होते.

या लक्षणांत वाट पाहू नका

दाताचा जुनाट नासूर सहसा जिवावर बेतत नाही, कारण पूला वाट मिळालेली असते. पण तीच वाट बंद झाली किंवा संसर्ग खोलवर उतरला तर चित्र काही तासांत बदलू शकते. जबड्याखाली आणि जिभेखाली दोन्ही बाजूंनी पसरणारी कठीण सूज जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केली. तिने श्वासनलिका दाबली जाते. वरच्या दातांचा संसर्ग डोळ्यामागून मेंदूजवळच्या शिरांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे :

• तोंड उघडता न येणे, गिळताना त्रास, लाळ गळणे

• श्वास घ्यायला त्रास किंवा आवाज बदलणे

• गळ्याकडे किंवा डोळ्याकडे झपाट्याने पसरणारी सूज

• डोळा बंद होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे

• थंडी वाजून ताप, ग्लानी, तीव्र डोकेदुखी

आणि तीन आठवड्यांत न भरणारी चेहऱ्यावरची किंवा तोंडातली कुठलीही जखम, दुखत असो वा नसो, डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

मूळ रोखायचे तर

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक आणि ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या दातांत कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत कीड आहे. यातल्या फार थोड्या दातांचा पू गालापर्यंत पोहोचतो. पण ज्यांचा पोहोचतो, त्या बहुतेकांच्या दातातली कीड सुरुवातीला एका साध्या सिमेंटने किंवा चांदीने भरता आली असती.

फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे, दोन जेवणांच्या मधे गोड खाणे कमी करणे, मिश्री-गुटखा सोडणे आणि वर्षातून एकदा दात दाखवणे, एवढ्याने बहुतेक दात वाचतात. तोंडाला मार लागला असेल तर दात शाबूत दिसला तरी एकदा तपासून घ्यावा. आणि ठणकणारा दात अचानक शांत झाला तर तो बरा झाला असे समजू नये. दाताच्या डॉक्टरकडे जाण्याची खरी वेळ तीच असते.